खडकात कोंडलेला वायू आणि राष्ट्राचे इंधन

३० मार्च २०१८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळच्या धक्क्याला 'मेरिडियन स्पिरिट' नावाचे एक जहाज लागले. त्याच्या पोटात उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू होता आणि तो अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील सबाइन पास या बंदरातून आलेला होता. 'गेल' या आपल्या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये केलेल्या वीस वर्षांच्या कराराची ही पहिली खेप. बातमी आली, मंत्रिमहोदयांचे समारंभपूर्वक भाषण झाले आणि प्रकरण विसरले गेले. दाभोळ म्हटले की महाराष्ट्राला एन्रॉन आठवतो, महाग विजेचा तो वाद आठवतो; त्यापलीकडे त्या गावाचे नाव सहसा निघत नाही. तथापि त्या जहाजातील वायू ज्या मार्गाने पृथ्वीच्या पोटातून बाहेर आला, तो मार्ग गेल्या अर्धशतकातील ऊर्जेच्या इतिहासामधली बहुधा सर्वांत मोठी घटना होय. त्या मार्गाला इंग्रजीत 'हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग' किंवा थोडक्यात 'फ्रॅकिंग' म्हणतात. मराठीत त्याला जलभंजन म्हणता येईल, आणि हा शब्द आपल्याला अगदीच परका नाही.

आपल्याकडील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा टंचाईच्या गावांत आटलेल्या विंधनविहिरींवर जो प्रयोग करते, त्याचे नाव जलभंजनच आहे. काळ्या पाषाणातील भेगा बुजल्या किंवा एकमेकींना जोडलेल्या नसल्या, की बोअरला पाणी लागत नाही. अशा वेळी बोअरमध्ये मोठ्या दाबाने पाणी सोडून त्या भेगा मोकळ्या केल्या जातात, व हातपंपाला पुन्हा धार लागते. अमेरिकेत घडले ते तत्त्वतः हेच. फरक आहे तो प्रमाणाचा. तेथे विहीर दोन-तीन किलोमीटर खोल जाते, मग वळण घेऊन आडवी होते आणि एकाच थरातून आणखी दोन-तीन किलोमीटर चालत राहते. तो थर म्हणजे शेल: कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेला, थरावर थर दाबून दगड झालेला चिखल. त्यात वायू आहे हे भूवैज्ञानिकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु त्या दगडाची छिद्रे इतकी सूक्ष्म आणि एकमेकांपासून इतकी तुटलेली, की वायूला बाहेर येण्यास वाटच नव्हती. पोलादी नळी आणि सिमेंट यांनी विहीर मढवायची, आडव्या भागात नळीला ठिकठिकाणी भोके पाडायची, आणि त्यांतून पाणी, वाळू व अल्प प्रमाणात रसायने प्रचंड दाबाने खडकात घुसवायची. खडक तडकतो, पाणी माघारी येते, वाळूचे कण मात्र भेगांत अडकून राहतात आणि त्या मिटू देत नाहीत. या वाळूच्या आधाराने वायू वाहू लागतो.

कल्पना जुनीच. १८६५ साली अमेरिकेत एडवर्ड रॉबर्ट्स या गृहस्थाने तेलविहिरीत सुरुंग उडविण्याचे पेटंट घेतले होते. १९४७ मध्ये कॅन्सस राज्यातील ह्यूगोटन क्षेत्रात पेट्रोलचा घट्ट लगदा दाबाने आत सोडून खडक फोडण्याचा पहिला प्रयोग झाला आणि दोनच वर्षांत त्याचा व्यापारी वापर सुरू झाला. मध्यंतरी अणुयुगाची धुंदी अशी चढली, की १९६७ च्या डिसेंबरात न्यू मेक्सिको राज्यात जमिनीखाली हिरोशिमाच्या जवळजवळ दुप्पट शक्तीचा अणुस्फोट करून वायू मोकळा करण्यात आला! वायू मिळाला; पण तो किरणोत्सारी निघाला. ज्याने चूल पेटवायची तोच विषारी, असा तो प्रकार होता. आणखी दोन स्फोट करून पाहिल्यावर शहाणपण सुचले.

पुढची गोष्ट १९७३ च्या ऑक्टोबरातील अरब तेलबंदीपासून सुरू होते. तेलाचा भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाला आणि जगातील सर्वांत संपन्न राष्ट्राच्या पेट्रोलपंपांवर मोटारींच्या रांगा लागल्या. अमेरिकेचे स्वतःचे तेल-उत्पादन १९७० मध्येच दिवसाला सुमारे ९६ लाख पिंपांचे शिखर गाठून उतरणीला लागले होते. ते उतरतच राहिले. २००८ मध्ये ५० लाखांवर आले. वायूचीही तीच रड. २००३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी संसदेपुढे साक्ष देताना द्रवरूप वायू आयात करण्याची सोय वाढवा असे सांगितले, आणि त्या सुमारास किनाऱ्यावर आयातीसाठी अवाढव्य टाक्या उभ्या राहू लागल्या. सबाइन पास हे त्यांपैकीच एक. २००८ मध्ये ते सुरू झाले ते वायू घेण्यासाठी. आठच वर्षांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, तेथून पहिले जहाज वायू भरून बाहेर पडले! परदेशी वायू उतरवून घेण्यासाठी बांधलेल्या टाक्यांतून स्वदेशी वायू परदेशी निघाला. अशी उलटापालट व्यापाराच्या इतिहासात क्वचितच पाहावयास मिळते.

ती घडविणारा माणूस जॉर्ज मिचेल. ग्रीसमधून आलेल्या गरीब स्थलांतरिताचा हा मुलगा १९१९ मध्ये टेक्ससमधील गॅल्व्हेस्टन येथे जन्मला. १९८१ मध्ये त्याच्या कंपनीने फोर्ट वर्थ शहराजवळच्या बार्नेट शेल या थरात पहिली विहीर खणली, आणि नंतरची सतरा वर्षे तो पैसा ओततच राहिला. त्याच्याच कंपनीतील शहाणीसुरती माणसे हा नाद सोडा म्हणून सांगत होती. अखेर १९९७-९८ मध्ये, खर्च वाचवावा या साध्या हेतूने, त्याच्या अभियंत्यांनी महाग घट्ट द्राव टाकून देऊन जवळजवळ निव्वळ पाणीच वापरून पाहिले. आणि खडक उघडला. २००१ च्या ऑगस्टात मिचेलची कंपनी डेव्हन एनर्जीने विकत घेण्याचे ठरविले. डेव्हनला आडवी विहीर खणण्याचे कसब अवगत होते. दोन तंत्रे एकत्र आली आणि वायूचे कोठार खुले झाले. याच २००१ सालच्या डिसेंबरात, मिचेलच्या कचेरीपासून तासाभराच्या अंतरावर, ह्यूस्टन शहरात एन्रॉनचे दिवाळे निघाले. दाभोळमध्ये अर्धवट राहिलेल्या वायू-टाक्यांना ओमान आणि अबुधाबीचा वायू पुरवायचा, असे एन्रॉनचे करार होते. त्याच टाक्यांत एक दिवस टेक्सस-लुइझियानाचा वायू येईल, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर त्याला वेड्यात काढले असते.

मिचेलची ही कहाणी खाजगी उद्योगाच्या साहसाचे स्तोत्र म्हणून वारंवार गायिली जाते. साहस होतेच. पण स्तोत्रात काही कडवी गाळली जातात. १९७६ पासून अमेरिकेचे सरकार पूर्वेकडील शेल-थरांच्या संशोधनावर स्वतः खर्च करीत होते. जमिनीखाली भेग कोठवर गेली हे कंपनांवरून ओळखण्याची विद्या सरकारी प्रयोगशाळांत वाढली. आणि १९८० च्या कायद्याने अशा अवघड वायूवर जी करसवलत मिळाली, तिच्याविना मिचेलची चिकाटी किती टिकली असती हे सांगणे कठीण आहे. जे काम बाजार दहा-दहा वर्षे करू इच्छीत नाही ते सरकारने करावे, आणि ते पिकू लागल्यावर बाजाराने उचलावे, असा हा व्यवहार झाला. आपल्या विद्यापीठांतील आणि संशोधनसंस्थांतील तरुणांनी या कथेचा हा भाग विशेष ध्यानात ठेवावा असे वाटते.

फायद्याचा हिशेब

राष्ट्राला काय मिळाले? २०२३ मध्ये अमेरिकेचे तेल-उत्पादन दिवसाला सुमारे १२९ लाख पिंपांवर गेले. जगात कोणत्याही देशाने पूर्वी कधी इतके तेल काढले नव्हते. त्यातले जवळजवळ दोन-तृतीयांश असे खडक फोडून मिळालेले. वायूचे उत्पादन २००५ च्या मानाने दुपटीहून अधिक झाले. २००८ च्या उन्हाळ्यात ज्या वायूचा घाऊक भाव तेरा डॉलरच्या घरात होता, तो एप्रिल २०१२ मध्ये दोन डॉलरच्याही खाली आला. १९७५ पासून कच्चे तेल निर्यात करण्यावर अमेरिकेत बंदी होती. डिसेंबर २०१५ मध्ये ती उठली. १९५२ नंतर प्रथमच, २०१९ मध्ये, अमेरिका एकूण ऊर्जेची निव्वळ निर्यातदार ठरली, आणि २०२३ मध्ये द्रवरूप वायूच्या निर्यातीत तिने जगात पहिला क्रमांक मिळविला.

याचा अर्थ केवळ श्रीमंतांची आणखी श्रीमंती असा नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि त्याच वर्षी युरोपचा नळवायू तोडत आणला, तेव्हा युरोपातील घरे हिवाळ्यात उबदार राहिली याचे श्रेय बरेचसे अमेरिकी जहाजांना जाते. १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचा नळ बंद केला तेव्हा जगापाशी असा पर्याय नव्हता. मात्र युरोपने भाव वाढवून जहाजे आपल्याकडे वळविली, तेव्हा बांगला देश आणि पाकिस्तानवर अंधारात बसण्याची पाळी आली, हेही याच वर्षीचे चित्र. पुरवठा मुबलक असला तरी तो धावतो पैसा असेल तिकडे.

आपल्या पदरात काय पडले, ते पाहू. शेल-तेलाच्या महापुराने २०१४ च्या मध्यावर शंभर डॉलरच्या वर असलेले पिंप जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्याही खाली घसरले. भारताचे कच्च्या तेलाच्या आयातीचे बिल २०१३-१४ मध्ये सुमारे १४३ अब्ज डॉलर होते, ते २०१५-१६ मध्ये ६४ अब्जांवर आले. म्हणजे टेक्ससच्या आणि नॉर्थ डाकोटाच्या खडकांनी भारताच्या परकीय चलनाची जी बचत केली, ती आपल्या कोणत्याही योजनेने केली नसती. पेट्रोलपंपावर उभ्या असलेल्या कारकुनाला ती फारशी जाणवली नाही, कारण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने पेट्रोलवरील उत्पादन-शुल्क नऊ वेळा वाढविले. पण तो दोष खडकाचा नव्हे!

'गेल'च्या कराराचाही असाच चढउतार. त्यातील भाव तेलाच्या भावाशी न बांधता अमेरिकेतील वायूच्या भावाशी बांधला होता: त्या भावाच्या ११५ टक्के अधिक तीन डॉलर, शिवाय वाहतूक. जगात वायू स्वस्त झाला त्या वर्षांत हा सौदा महाग पडला अशी टीका झाली. २०२२ मध्ये आशियाच्या बाजारात भाव तीस डॉलरच्या वर गेले, तेव्हा तोच करार दूरदृष्टीचा वाटू लागला. दाभोळला उतरणारा वायू नळांतून पनवेलकडे जातो, बंगळूरकडे जातो. खतकारखान्यांना आणि शहरांतील स्वयंपाकघरांना मिळणाऱ्या एकूण वायूत मिसळतो. आपल्या देशाला लागणारा सुमारे निम्मा वायू आणि पाऊणहून कितीतरी अधिक तेल बाहेरून येते. अशा देशातील माणसाने फ्रॅकिंगविषयी केवळ तात्त्विक संताप व्यक्त करणे म्हणजे आपल्याच शेगडीकडे पाठ फिरवून बोलणे होय.

गवारीचे भाग्य

या कथेत आपल्या ताटातली एक भाजीही येऊन गेली, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. तेलाच्या विहिरींत वाळू लांबवर वाहून नेण्यास पुन्हा घट्ट द्राव लागू लागला, आणि पाणी घट्ट करण्याचा उत्तम गुण आहे गवारीच्या बियांच्या पिठात. जगातील गवारीपैकी बहुतांश भारतात, मुख्यतः राजस्थानच्या कोरडवाहू जमिनीत पिकते. २०११-१२ मध्ये अमेरिकी मागणीने गवारीच्या बियांना असा भाव आला, की वायदेबाजार बेफाम झाला आणि मार्च २०१२ मध्ये नियामकांना वायदे बंद करावे लागले. २०१२-१३ मध्ये गवारगोंदाची निर्यात सुमारे एकवीस हजार कोटी रुपयांची झाली. बासमती तांदूळही मागे पडला. वाळवंटाच्या कडेच्या शेतकऱ्यांनी त्या वर्षी पक्की घरे बांधली, ट्रॅक्टर घेतले. मग पर्यायी रसायने निघाली, तेलाचे भाव कोसळले, आणि गवार पुन्हा मूळपदावर आली. टेक्ससमधील एका तंत्रज्ञाचा निर्णय बिकानेरच्या शेतकऱ्याला दोन हंगामांत वर नेऊन खाली आणतो, याचा विचार आपल्या कृषितज्ज्ञांनी त्या वेळी पुरेसा केला असे दिसले नाही.

आता दुसरी बाजू. एका विहिरीला ५७ लाख लिटरपासून सहा कोटी लिटरपर्यंत पाणी लागते, असा अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागाचा हिशेब आहे. विहिरीतून तेलाबरोबर वर येणारे खारे, दूषित पाणी मुरविण्यासाठी पुन्हा खोल विहिरींत सोडावे लागते. त्यापायी ओक्लाहोमा राज्यात, जेथे २००९ पूर्वी तीन रिश्टरहून मोठे भूकंप वर्षाला एखाद-दुसरे होत, तेथे २०१५ मध्ये सुमारे ९०० झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनी येथे ५.८ चा धक्का बसला. पाणी मुरविण्यावर निर्बंध आल्यानंतर ही संख्या उतरली. पेनसिल्व्हेनियातील काही घरांच्या विहिरींत मिथेन शिरला, कारण विहिरीचे सिमेंट नीट बसलेले नव्हते. २००५ च्या ऊर्जा-कायद्याने फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या संरक्षण-कायद्यातून जवळजवळ वगळले, ही तर सरळसरळ पक्षपाताची गोष्ट. न्यूयॉर्क राज्याने २०१४ मध्ये बंदी जाहीर केली. फ्रान्सने ती २०११ मध्येच घातली होती. हे सर्व आक्षेप खरे आहेत. परंतु यांतील बहुतेक दोष ढिसाळ सिमेंटाचे, ढिसाळ तपासणीचे आणि ढिसाळ कायद्याचे आहेत, आणि त्यांवर इलाज आहे. खुद्द मिचेलने आयुष्याच्या शेवटी, २०१३ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी, या धंद्यावर कडक सरकारी नियंत्रण हवे अशी जाहीर मागणी केली होती. स्वतःच्या शोधाबद्दल असे बोलणारे उद्योगपती थोडे.

हवामानाचा प्रश्न याहून अवघड आहे. २००५ मध्ये अमेरिकेची निम्मी वीज कोळशावर होत असे. २०२३ मध्ये हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले, आणि ती जागा प्रामुख्याने वायूने घेतली. वीजनिर्मितीत वायूपासून निघणारा कर्बवायू कोळशाच्या सुमारे निम्मा, म्हणून अमेरिकेचे उत्सर्जन पंचमांशाने कमी झाले त्यात या वायूचा मोठा वाटा आहे. परंतु न जळता निसटलेला मिथेन पहिल्या वीस वर्षांत कर्बवायूच्या ऐंशी पटींहून अधिक उष्णता धरतो. म्हणजे नळजोड गळके असले की मिळविलेले पुण्य वाटेतच सांडते. शिवाय शेलची विहीर अल्पायुषी. पहिल्या एक-दोन वर्षांतच तिचे उत्पादन निम्म्याहून खाली येते आणि पातळी राखण्यासाठी नव्या विहिरी सतत खणाव्या लागतात. म्हणून हा वायू कायमचा आधार नव्हे, कोळशापासून पुढे जाताना लागणारी एक पायरी आहे असे माझे मत आहे. पायरीवर संसार थाटता येत नाही. पण तिच्यावाचून माडीवरही जाता येत नाही.

मग आपणही आपल्या भूमीत असाच खडक फोडावा काय? प्रयत्न झाले आहेत. २०११ च्या जानेवारीत तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ शेलमधून वायू काढून दाखविला. २०१३ मध्ये स्वतंत्र धोरण आले, २०१८ मध्ये ते सैल करून खाजगी कंपन्यांनाही वाव दिला. व्यापारी उत्पादन मात्र हाती आले नाही. अमेरिकेच्या ऊर्जा-माहिती विभागाने २०१३ मध्ये भारतात ९६ लाख कोटी घनफूट शेल-वायू काढण्याजोगा असल्याचा अंदाज दिला होता. पण कागदावरील साठा आणि विहिरीच्या तोंडचा वायू यांत किती अंतर असते, हे पोलंडने अनुभवले आहे. तेथेही असेच मोठे आकडे आले, मोठ्या कंपन्या आल्या, आणि काही वर्षांत गाशा गुंडाळून गेल्या.

अडचण केवळ भूगर्भाची नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी जमिनीखालच्या खनिजावर जमीनमालकाचा हक्क असतो. शेतात विहीर खणली की दरमहा स्वामित्वशुल्क घरी येते. गोंगाट, धूळ, ट्रकांची रहदारी शेतकरी त्यापायी सोसतो, कित्येकदा स्वतःहून बोलावतो. आपल्याकडे खनिज सरकारचे, आणि धूळ तेवढी शेतकऱ्याची. अशा स्थितीत कावेरीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी विरोध केला आणि तमिळनाडूने फेब्रुवारी २०२० मध्ये कायदा करून त्या सुपीक पट्ट्यात असे उत्खनन निषिद्ध ठरविले, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. शेतकऱ्याला वाटा द्यायचा नाही आणि राष्ट्रहिताच्या नावाने त्याने गप्प बसावे असेही म्हणायचे, हे चालणार नाही. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आपल्या पायाखाली बहुतेक ठिकाणी लाव्ह्याचा काळा पाषाण आहे. त्यात जलभंजनाने पाणी मिळाले तरी पुष्कळ. राजस्थानात बाडमेरच्या रागेश्वरी क्षेत्रात घट्ट खडक फोडून वायू काढला जात आहे. तो शेल नव्हे. पण त्या कामातून तयार झालेले आपले अभियंते हे खरे भांडवल आहे. तेथून सावकाश पुढे जाता येईल. पाण्याचा हिशेब आधी मांडून, प्रत्येक विहिरीचे सिमेंट त्रयस्थाकडून तपासून, वापरलेल्या रसायनांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावून आणि उत्पन्नाचा ठरावीक भाग जमीनमालकाला देऊन. हे होत नाही तोवर दुसऱ्याच्या खडकातला वायू योग्य करार करून विकत घेणे, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

पण विकत घेतलेला वायू उतरवून घेण्याची तयारी तरी असावी लागते. दाभोळची गोदी २०१३ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यापुढे समुद्रात दगडांचा जो लाटारोधक बांध असावयास हवा तो अपुरा होता. एन्रॉनच्या काळात तो अर्धवट राहिला तो राहिलाच. त्यामुळे पुढील अनेक वर्षे जूनचा पाऊस सुरू झाला, की वायूची जहाजे दाभोळला येणे बंद होई आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा सुरू होई.